कविता लिहिली की त्या रात्री झोप लागत नाही : लिहिणे थांबवावे का?

पारिजात

नमस्कार. मी येथे बरीच वर्षे वाचक म्हणून येते, स्वतःचा प्रश्न मात्र पहिल्यांदाच मांडते आहे. माझे वय २९, मूळ गाव साताऱ्याकडचे, नोकरीसाठी पुण्यात एकटी राहते. वयाच्या नवव्या वर्षापासून पुढची दोन-अडीच वर्षे, घरात येणे-जाणे असलेल्या एका नातेवाइकाने माझे लैंगिक शोषण केले. त्याचा तपशील मी देणार नाही आणि कोणी विचारू नये अशी विनंती आहे. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःला इजा करून घेऊ लागले आणि ते बरीच वर्षे चालले. गेल्या अकरा महिन्यांत तसे एकदाही घडलेले नाही, आणि दर पंधरा दिवसांनी मी एका समुपदेशक बाईंकडे जाते.

माझा प्रश्न कवितेविषयी आहे. मी आठवीपासून लिहिते. पहिली वही दोनशे पानी होती. तिला खाकी कव्हर घालून लेबलवर मी ‘भूगोल’ असे लिहिले होते, कारण भूगोलाची वही घरात कोणी उघडून पाहणार नाही अशी माझी खात्री होती. आईने ती उघडली. तिने किती वाचले हे मला आजही माहीत नाही, कारण ती एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचे पाणी तापवताना तिने ती वही बंबात घातली आणि मी न्हाणीघराच्या दारात उभी राहून पाहत राहिले. त्यानंतर चार वर्षे मी ओळही लिहिली नाही. आईवर माझा राग आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता पुन्हा लिहिते, पण लिहायला बसते ते बहुधा रात्री अकरानंतर. लिहिताना बरे वाटते, तंद्री लागते, दोन-दोन तास कसे जातात ते कळत नाही. पण वही मिटली की छातीत धडधडू लागते, झोप उडते, आणि महिनोन्‌महिने न आलेली ती ओढ पुन्हा डोके वर काढते. मागच्या महिन्यात असे तीनदा झाले. तिन्ही वेळा मी मैत्रिणीला फोन केला आणि ती वेळ निभावून नेली.

सगळीकडे वाचते की कविता आणि चित्रे यांनी जखमा भरतात. मग माझ्या बाबतीत उलटे का होते आहे? मी लिहिणे बंद करावे का? दुसरे असे की तीच मैत्रीण म्हणते, या कविता समाजमाध्यमांवर टाक किंवा दिवाळी अंकाला पाठव, मोकळे वाटेल. त्याचाही निर्णय होत नाही. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया लिहावे.

समुपदेशक, ठाणे

पारिजात, मागच्या महिन्यात तीन वेळा ती ओढ आली आणि तिन्ही वेळा तुम्ही फोन उचललात, हे फार मोठे काम तुम्ही केलेले आहे आणि ते तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, म्हणून ते आधी नोंदवतो.

तुमच्या बाबतीत उलटे घडलेले नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी सँड्रा बील यांच्यासह १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील अत्यंत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. घडलेली घटना आणि त्या वेळच्या भावना या दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत इतरांच्या तुलनेने कमी झाल्या. हा भाग सगळे सांगतात. मात्र लिहून उठल्याबरोबर याच मुलामुलींचे मन अधिक खिन्न झाले होते आणि रक्तदाबही वाढलेला होता, हा भाग सहसा कोणी सांगत नाही. लिहिल्यानंतर लगेच वाईट वाटणे हे त्या प्रक्रियेतच आहे. प्रश्न एवढाच, की ते वाईट वाटणे माणसाला पेलता येईल एवढे कसे ठेवायचे.

त्या प्रयोगातील लेखन १५ मिनिटांचे होते आणि चार दिवसांत संपणारे होते. तुमचे दोन तासांचे आहे, मध्यरात्रीचे आहे, आणि त्यानंतर घरात बोलायला कोणी नसते. शिवाय ते विद्यार्थी सर्वसाधारण विद्यार्थी होते. स्वतःला इजा करण्याचा इतिहास असलेल्या व्यक्तीने तोच प्रयोग एकटीने, आधाराशिवाय करावा असे मी कधीही सुचवणार नाही. पेनबेकर यांचाही सल्ला असाच आहे की एखादा विषय लिहिताना आपण कोसळू असे वाटले, तर तो विषय तिथेच सोडावा आणि पेलवेल अशा दुसऱ्या विषयाकडे वळावे. सोडण्यात हार नाही.

आणखी एक खूण माझ्या कामात मला उपयोगी पडते. पेनबेकर यांच्याच पुढच्या अभ्यासांत असे दिसले, की ज्यांना लेखनाचा फायदा झाला त्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आले’, ‘आता कळते’ अशा शब्दांचे प्रमाण वाढत गेले होते. तुमच्या गेल्या दहा कविता दिवसाउजेडी, शक्य तर तुमच्या समुपदेशक बाईंसमोर, पुन्हा वाचून पाहा. पहिल्या आणि दहाव्या कवितेत उभी असलेली मुलगी त्याच जागी, त्याच दाराशी असेल, तर मन घाण्याच्या बैलासारखे फिरते आहे आणि लिहिण्याची रीत बदलायला हवी. ती एखादे पाऊल जरी सरकली असेल, तर लिहिणे बंद करण्याचे मला काही कारण दिसत नाही. काही काळ ‘मी’ऐवजी ‘ती’ असे लिहून पाहा; तेवढ्या अंतरानेही श्वास घ्यायला जागा मिळते.

दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगतो. मागच्या महिन्यातील त्या तीन रात्री तुम्ही समुपदेशक बाईंना सांगितल्या का? नसतील तर पुढच्या भेटीपर्यंत न थांबता सांगा. आणि ती ओढ तीव्र असताना कविता लिहायला बसू नका. त्या क्षणी शब्दांची गरज नसते, माणसाची असते. खोलीतून बाहेर या, तोंडावर गार पाणी मारा, मैत्रिणीला फोन करा. ती झोपली असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. ओढ लाटेसारखी चढते आणि उतरतेही. ती उतरून एक रात्र उलटली की मग वही उघडा.

सात_ते_चार

मला शब्दांनी कधीच साथ दिली नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. माझा प्रसंग वेगळा आहे : सहा वर्षे मारहाणीचा संसार करून मी मुलाला घेऊन बाहेर पडले. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांमध्ये ‘दिलासा’ नावाचे विभाग आहेत, तेथे घरातील हिंसेने त्रस्त झालेल्या बाईचे ऐकून घेतात. मला पहिल्यांदा कोणी खुर्चीवर बसवून ‘सांगा’ म्हटले ते तेथेच. पण मला सांगता येईना. तोंड उघडले की घसा बंद होत असे. आधी ज्या एका ठिकाणी गेले होते तेथे, घडले ते लिहून आणा म्हणून मला कोरा कागद दिला होता, आणि त्या कोऱ्या कागदाची मला इतकी धास्ती बसली की मी परत तेथे गेलेच नाही.

मी सुरुवात रांगोळीने केली, आणि तीही ठरवून केलेली नव्हती. भावाकडे राहायला गेल्यावर वहिनीने एके सकाळी ठिपक्यांचा कागद आणि रांगोळीचा डबा हातात दिला. सात ते चार ठिपके, म्हणजे मधल्या ओळीत सात आणि वर-खाली एकेक कमी होत चार. चिमटीतून बारीक रेघ सोडायची तर हात थरथरून चालत नाही आणि श्वासही आवरून सोडावा लागतो. माझा हात तेव्हा सतत थरथरत असे. पहिले पंधरा दिवस एकही रेघ सरळ आली नाही. मग एक दिवस लक्षात आले, की ठिपके मोजत असताना, तेवढी वीस मिनिटे, जिन्यावरच्या पावलांकडे माझे कान लागलेले नव्हते. गेल्या कित्येक वर्षांत असे झाले नव्हते.

रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसायचीच असते. पारिजात, तुमच्या भूगोलाच्या वहीचे वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते, म्हणून हे जपून लिहिते : जे दुसऱ्याने जाळले ते वेगळे, आणि जे आपण आपल्या हाताने पुसतो ते वेगळे. मला राग आला की मी उंबऱ्यापुढे लाल रंग ओतून भरत असे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून टाकत असे. कोणी पाहिले नाही, कोणी विचारले नाही, कुठे पुरावा राहिला नाही. बोलता यायला मला त्यानंतर आठ महिने लागले. चित्र काढता येत नाही असे तुम्ही म्हणाल, तर २०१६ साली अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी केलेला एक छोटा अभ्यास सांगते, माझ्या समुपदेशकांनी मला तो सांगितला होता. ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, माती, कागद असे साहित्य हाताळायला दिले, आणि सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, कमी झाले. आधी चित्रकलेचा सराव होता की नव्हता याने फरक पडला नाही.

रात्री अकरानंतर वही उघडण्याऐवजी एक महिना ठिपके काढून पाहा, एवढेच माझे म्हणणे आहे.

माळकरी

पारिजात ताई, मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग वाचावेत असे सुचवतो. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वरांनी ताटी, म्हणजे झोपडीचे दार, लावून घेतली, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून कवितेनेच त्यांची समजूत घातली. मनातील राग विझवून क्षमा करण्यासारखे दुसरे औषध नाही. माझ्या वडिलांच्या निधनानंतर मला त्या अभंगांचा फार आधार झाला.

जुनी_वही

माळकरी, आपला हेतू चांगला आहे आणि ताटीचे अभंग मलाही प्राणप्रिय आहेत, तरीही येथे मला आपले म्हणणे मान्य नाही. त्या अभंगांत जगाचा अपराध साहावा, जग आग झाले तर संतांनी पाणी व्हावे, असे सांगितले आहे. ते एका योग्याला, त्याच्या बरोबरीच्या अधिकाराच्या बहिणीने सांगितलेले आहे. नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला असेल तर तिला सोसण्याचा उपदेश करणे म्हणजे तिने इतकी वर्षे जे एकटीने केले तेच पुढेही कर म्हणणे होय. त्या कवितेतून घ्यायचे असेल तर मी एवढेच घेईन, की दार आतून बंद होते आणि बाहेर कोणीतरी उभे राहिले होते, निघून गेले नव्हते.

पारिजात, वयाने मी तुझ्या आईएवढी असेन, म्हणून तू म्हणते. माझी आजी मावळातली. पहाटे तिच्याबरोबर जात्यावर बसायला थोरल्या जाऊबाई असत. खुंटा दोघींच्या हातात, समोरासमोर, आणि माणसांना उठायला अजून अवकाश. सासूने टाकून बोललेले, नवऱ्याने हात उगारलेला, माहेरी कळवता न आलेले, असे सगळे ओवीत येत असे. दिवसा ज्या गोष्टीचा उच्चारही करता येत नसे ती जात्याच्या घरघरीत खुशाल म्हणता येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते, आणि ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ओव्या त्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. त्या तू अवश्य ऐक.

पण ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष दे, जी माझ्या लक्षात फार उशिरा आली. आजी सूप पुढ्यात घेई आणि आधी धान्य मोजून घेई, दोन शेर की तीन शेर, घरात माणसे किती त्यावर. मग जात्याच्या तोंडात धान्याची वैरण घालत, मूठ-मूठ, ओव्या चालत. दळण सरले की ओवी सरली. जाते पुसून, पीठ डब्यात भरून ती चुलीकडे जाई आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत तो विषय पुन्हा निघत नसे. दुःख दोन शेरांत मावणारे खचितच नव्हते, तरी एका वेळी दोन शेरच दळायचे, ही मर्यादा तिला धान्याने घालून दिली होती. हाताला काम होते, समोर दुसरी बाई होती, आणि थांबण्याची वेळ तिला स्वतःला ठरवावी लागत नव्हती. तुझ्या रात्री अकराच्या बैठकीत या तिन्हीपैकी एकही गोष्ट नाही.

म्हणून लिहिणे सोडू नकोस, असे मी म्हणते. आधी धान्य मोजून घे. कसे मोजायचे ते तुझे तू शोधशील.

अंक_संपादन

मी गेली बारा वर्षे एका लहान दिवाळी अंकाचे काम पाहतो आणि दरवर्षी अशा कविता आमच्याकडे येतात, म्हणून फक्त प्रकाशनाच्या प्रश्नावर लिहितो.

सुरुवातीला मी अशा कविता आल्या की तत्परतेने छापत असे. धाडसी लेखनाला जागा दिली पाहिजे असे मला वाटे. एका वर्षी अंक निघाल्यानंतर तीन आठवड्यांनी एका कवयित्रीचा फोन आला. तिच्या घरच्यांनी कविता वाचली होती, कोण तो माणूस यावर गावात तर्क चालू झाले होते, आणि तिला कामावरून घरी जाण्याची भीती वाटू लागली होती. मी क्षमा मागण्यापलीकडे काही करू शकलो नाही, कारण छापलेले पान परत घेता येत नाही. समाजमाध्यमांवर तर ते पान कोण कोणाला पाठवील यावर कोणाचाच ताबा राहत नाही, आणि खाली येणारी एखादी निर्दय प्रतिक्रिया रात्री दीड वाजता एकटीने वाचावी लागते.

तेव्हापासून मी अशा कवितेबरोबर पत्र पाठवून दोन गोष्टी विचारतो. ही कविता लिहून किती दिवस झाले? आणि ही ज्या माणसाने वाचू नये असे वाटते त्याने वाचली, तर त्या दिवशी आपल्याजवळ कोण असेल? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर मी कविता जपून ठेवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतो. टोपणनावाने छापण्याची तयारी आम्ही नेहमीच दाखवतो. छापणे हा बरे होण्याचा टप्पा आहे असे मुळीच समजू नका. कित्येकांनी एकाच विश्वासाच्या माणसाला वाचून दाखवले आणि तेवढ्याने त्यांचे काम झाले.

जाता जाता कारागिरीची एक सूचना. ज्यांना मुक्तछंदात लिहिताना वाहून जायला होते त्यांना मी अष्टाक्षरी लिहून पाहायला सांगतो. चरणात आठ अक्षरे, मोजून, आणि यमक. अक्षरे मोजताना मनाचा एक भाग शुद्धीवर राहतो, योग्य शब्दासाठी थांबावे लागते, आणि जे एकदम अंगावर येत होते ते आठ-आठ अक्षरांनी येऊ लागते. ‘सात ते चार’ यांनी ठिपक्यांविषयी जे लिहिले आहे तेच मला येथे दिसते.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण आधी करून पाहावे असे वाटले.

समुपदेशक बाईंना मी त्या तीन रात्रींविषयी सांगितले. तोवर मी सांगितले नव्हते, हे ठाण्याचे समुपदेशक, आपण बरोबर ओळखलेत. अकरा महिन्यांचा हिशेब बिघडेल अशी मला भीती वाटत होती. त्या म्हणाल्या, हिशेब त्यांनी कधी ठेवलेलाच नव्हता. दहा कविता आम्ही दोघींनी मिळून वाचल्या. सात कवितांमध्ये दार आहे आणि मी दाराशी उभी आहे. ते दार त्या नातेवाइकाच्या खोलीचे आहे असे मी इतके दिवस धरून चालले होते. वाचताना कळले, की त्यांपैकी चार कवितांमध्ये ते न्हाणीघराचे दार आहे. आईविषयी बोलायला आम्ही आता सुरुवात केली आहे. घाई करणार नाही.

माळकरी, तुमच्या उत्तराचा मला राग आला नाही. पण क्षमेचे मला सध्या कोणी विचारू नये.

जुनी वही यांना सांगायचे ते असे, की मला मोजणे सापडले. मी संध्याकाळी कामावरून आले की एका वाटीचे तांदूळ धुऊन भिजत घालते आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशीच स्टूल घेऊन लिहायला बसते. अर्ध्या तासाने तांदूळ भिजतात, मग कुकर लावावाच लागतो, वही मिटावीच लागते. पहिल्या आठवड्यात दोनदा मी वही मिटली नाही, तांदूळ फुगून फुटले आणि भाताचा गोळा झाला, तो तसाच खाल्ला. आता मिटते. समोर दुसरी बाई बसत नाही, पण समोरच्या इमारतीत त्याच वेळी एक आजी भाजी निवडत खिडकीशी बसलेल्या असतात, तेवढे मला पुरते. रात्री अकरानंतर कपाट उघडत नाही. एकदा ओढ आली, तेव्हा १४४१६ वर बोलले. पलीकडच्या मुलीने माझे नाव विचारले, नंतर मी जेवले आहे का ते विचारले, आणि का कोण जाणे, मला रडू आले. बरेच रडून झाल्यावर झोप लागली.

कविता मी कुठेही पाठवणार नाही, निदान या वर्षी तरी नाही. मैत्रिणीला तसे सांगितले आहे. तिला एक वाचून दाखवीन म्हणते.

अष्टाक्षरी जमत नाही अजून, सहाव्या-सातव्या अक्षरालाच शब्द संपतो. काल तांदूळ भिजेपर्यंत दोन चरण झाले, त्यांतल्या एकात अक्षर कमीच पडते आहे.